हिंज तुटली, वॉरंटी नाकारली : नाशिकच्या एका अधिकृत लॅपटॉप सर्व्हिस सेंटरचा रिव्ह्यू

पाचपैकी अडीच. शेवटी काम फुकट झालं आणि नीट झालं, म्हणून अडीच दिले. उरलेले कापले ते पहिल्या दिवशी जॉब शीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा करतानाच्या कागदावर, लिहिलेल्या दोन शब्दांसाठी : ‘फिजिकल डॅमेज’.

सेंटर एका मोठ्या कंपनीचं आहे. नाव देत नाही, कारण हीच भाषा दुसऱ्या कंपन्यांच्या काउंटरवरही ऐकायला मिळते आणि तोड सगळीकडे एकच आहे. साधी कामं इथे चांगली होतात. फॅनचा आवाज, न चालणारी बटणं, चार्ज न धरणारी बॅटरी अशा तक्रारींसाठी पार्ट मागवतात, आला की फोन करतात आणि बसल्या जागी बदलून देतात. बोलणंही नीट असतं. अडचण सुरू होते ‘सीआयडी’चा शेरा पडला की. कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, म्हणजे नुकसान ग्राहकाच्या हातून झालं. हा शेरा ऐकून बरेच जण एस्टिमेट मान्य करतात, नाहीतर मुकाट्यानं लॅपटॉप बॅगेत घालून निघतात. दोन्ही करू नका.

या रिव्ह्यूतला लॅपटॉप १५.६ इंची, प्लास्टिक बॉडीचा, वॉरंटीचे तीन आठवडे शिल्लक. झाकण उघडताना डावीकडे कट्ट आवाज आला, कोपऱ्यात पॅनल फाकलं आणि आत सुटलेला स्क्रू खुळखुळायला लागला. सेंटरनं हिंज (झाकणाची बिजागरी), वरचं पॅनल आणि पामरेस्ट (कीबोर्डाभोवतीचा, हात टेकायचा भाग) असं तिन्हींचं एस्टिमेट दिलं. कारण म्हणून तेच दोन शब्द.

हिंज का तुटते ते समजून घेतलं तर या शब्दांना उत्तर देता येतं. हिंज धातूची असते, पण ती ज्याला धरून असते ते प्लास्टिक. प्लास्टिकच्या छोट्या खांबांत पितळी नट गरम करून दाबून बसवलेले असतात आणि हिंजचे स्क्रू त्या नटांत घट्ट होतात. दर वेळी झाकण उघडताना सगळा जोर त्या तीन-चार नटांवर येतो. हिंज कारखान्यातूनच जास्त घट्ट आली, किंवा तिच्यातलं ग्रीस सुकून ती जड झाली, तर एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. असा निघालेला नट हातात घेऊन पाहा : त्याच्या बाहेरच्या बारीक उभ्या खाचांत प्लास्टिकचे कण अडकलेले दिसतात, आणि भेग नटाच्या जागेपासून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. लॅपटॉप पडला असेल तर गोष्ट उलटी दिसते. कोपरा चेपलेला किंवा घासलेला असतो, भेग कडेपासून आत येते आणि बऱ्याचदा त्याच बाजूला खालचं पॅनलही वाकलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून चारही कोपरे पाहिले की फरक कळतो. या लॅपटॉपचे चारही कोपरे स्वच्छ होते. म्हणजे नकार चुकीचा होता.

एक मुद्दा सेंटरकडून नक्की येतो : ‘झाकण एका कोपऱ्यानं धरून उघडता, म्हणून तुटलं.’ तशा उघडण्यानं एका हिंजवर जास्त ताण येतो, हे खरं. पण लॅपटॉप रोज उघडायचीच वस्तू आहे. वर्षभराच्या साध्या वापरात नट उपटत असेल तर दोष नट धरणाऱ्या प्लास्टिकचा आहे, पडण्याचा नाही, आणि ‘फिजिकल डॅमेज’ या शेऱ्यात तो बसत नाही.

हिंज सुटल्यावर झाकण पुन्हा पुन्हा उघडू नका. उचकटलेली हिंज स्क्रीनची केबल आणि वायफायच्या अँटेनाची वायर कापते, आणि मग सेंटरला खरंच नवं कारण मिळतं.

सगळ्यात मोठी चूक काउंटरवर होते, ती सही करताना. जॉब शीटवर लॅपटॉपच्या बाह्य स्थितीचा एक रकाना असतो. तो कोरा असतो, किंवा त्यात सरसकट ‘स्क्रॅचेस’ लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तिथे ‘चारही कोपरे ठीक, पडल्याची खूण नाही, डावी हिंज नटातून सुटलेली’ असं लिहून घ्या आणि शीटचा फोटो काढा. लॅपटॉप देण्याआधी वरून, खालून, चार कोपऱ्यांचे आणि सिरीयल नंबरचे फोटो काढलेले असावेत. पुढे सगळं भांडण या कागदावर चालतं.

डेटाचा बॅकअप आधीच घ्या, तो वॉरंटीत येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलला की विंडोज ती मागते आणि ती नसेल तर फाइली उघडत नाहीत.

पाण्याच्या शेऱ्याबद्दलही सांगायला हवं, कारण नाशिकच्या पावसाळ्यात तो बराच ऐकू येतो. आत छोटे पांढरे स्टिकर असतात, ओले झाले की लाल किंवा गुलाबी होतात. स्टिकर लाल झाला म्हणजे त्या जागी ओल पोचली, एवढंच सिद्ध होतं. बंद पडलेला भाग त्या ओलीनंच बंद पडला, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून बोर्डाचा फोटो मागा आणि डाग व बिघडलेला भाग यांत अंतर किती ते विचारा. गंज हिरवट किंवा पांढुरका, भुकटीसारखा असतो. फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंग करताना लावतात त्या रसायनाचा, राहिलेला थर पिवळसर, काचेसारखा किंवा चिकट असतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला जातो. घाईत या दोन्हींची गल्लत होते. पण चहा खरोखर सांडला असेल तर लपवू नका, बोर्डावर तो दिसतोच. आणि ओला रेनकोट लॅपटॉपच्या बॅगेत कोंबून सातपूर-अंबडहून गाडीवर येणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी.

वॉरंटीची तारीख हा अगदी वेगळा घोळ, पण तो सोपा सुटतो. कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधी कधी तुमच्या खरेदीच्या आधीपासून सुरू झालेली दिसते, कारण ती मोजलेली असते माल कंपनीतून निघाल्यापासून. बिल मेल करून तारीख दुरुस्त करून घ्या, आणि हे खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात करा.

शेरा पडल्यावर काउंटरवर आवाज चढवून काही मिळत नाही. सेंटर बहुतेक वेळा कंपनीनं नेमलेली वेगळी फर्म असते. ती फोटो वर पाठवते आणि निर्णय तिकडून येतो. म्हणून त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, सेंटरला प्रत ठेवा. मेलमध्ये केस नंबर, सिरीयल नंबर, बिल, पाच-सहा फोटो आणि तीन प्रश्न : वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नाकारलं, पडल्याचा पुरावा नेमका कुठे दिसतो, आणि वरिष्ठ इंजिनिअरकडून फेरतपासणी कधी होणार. वॉरंटी संपत आली असेल तर ‘तक्रार मुदतीत नोंदवली आहे’ हे वाक्य तारखेसह घाला. या लॅपटॉपचं काम याच मेलनं झालं. उपटलेल्या नटाचा जवळून काढलेला फोटो आणि कोपऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. फेरतपासणीत शेरा काढला गेला आणि तिन्ही पार्ट वॉरंटीत बदलून मिळाले. हाच फोटो पहिल्या दिवशी त्यांच्याच टेबलावर काढता आला असता, म्हणून राग येतो.

मधल्या काळात बाहेर दुरुस्ती करू नका. एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरकडचा चांगला कारागीर इपॉक्सीत (कडक होणाऱ्या गोंदात) नट परत बसवून देईल, पण एकदा इपॉक्सी लागली की पुरावा गेला आणि कंपनीचा दरवाजाही बंद झाला. लॅपटॉप परत घ्यावाच लागला तर पावतीवर ‘वॉरंटी नाकारल्याने दुरुस्त न करता परत’ असं लिहून घ्या.

मेलला उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पुढे पाठवते. पण तिथला नोंद क्रमांक पुढे उपयोगी पडतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी केस नाशिकला चालते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. कंपनी, सेंटर आणि विक्रेता तिघांनाही पक्षकार करा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. लॅपटॉप आहे तसा ठेवायचा तो यासाठीच. निकालाची कायद्यातली मुदत ३ महिने, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तयारी ठेवा. मागणी वाजवी ठेवा : मोफत दुरुस्ती, ती होत नसेल तर बदली किंवा पैसे परत, आणि खर्च.

बिलावर फर्मचा जीएसटी नंबर असेल तर समोरून ‘खरेदी व्यापारी हेतूची, हा ग्राहकच नाही’ अशी हरकत येते. स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर जात नाही. हे तक्रारीतच मांडा.

काम होऊन लॅपटॉप मिळाला की काउंटरवरच तपासा. झाकण मधोमध धरून हळू उघडा, दोन्ही बाजूंना सारखा जोर लागला पाहिजे. खालचे स्क्रू मोजा. झाकण हलवत स्क्रीन लुकलुकते का आणि वायफाय टिकतं का पाहा. बोर्ड बदलला असेल तर बायोसमधला (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधला) सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा, नाहीतर पुढच्या वेळी वॉरंटी सापडणार नाही. बदललेल्या पार्टची वॉरंटी किती, ते बंद केलेल्या जॉब शीटवर लिहून घ्या आणि मगच सही करा.