‘श्यामची आई’चा तयार प्रश्नसंच: सातवीच्या वर्गात वापरून पाहिला

जूनमध्ये दापोलीच्या बाजारात वह्यांचे गठ्ठे घ्यायला गेले होते, तेव्हा दुकानदाराने हा संच पुढे केला. “बाई, हे नवीन आलंय, तुमच्या कामाचं आहे.” ‘श्यामची आई’वरचे प्रश्न, सहावी ते आठवीसाठी, स्पायरल बांधणी, मागे उत्तरसूची. छापील किंमत १८०, मला १६० ला मिळाला. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत, आणि चार लोकांच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही.

आमची शाळा हर्णैच्या बाजूला, खाडीपासून फार लांब नाही. सातवीत सत्तावीस पोरं. निम्मी मच्छीमारांच्या घरची, बाकी बागायतदार, दुकानदार, दोघांचे वडील एसटीत. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे हे पुस्तक पोरांना आपल्या घरचं वाटतं. पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. त्यातली लाडघरच्या तामस्तीर्थाची रात्र आली की वर्गात गोंधळच. प्रत्येकाला तिथलं लालसर पाणी आपणच पहिल्यांदा बघितल्यासारखं सांगायचं असतं.

आधी वस्तूबद्दल. कागद बरा आहे, अक्षर मोठं आहे. स्पायरलची तार मात्र गोकुळाष्टमीपर्यंत गंजली आणि पहिल्या चार पानांच्या कडेला तांबडे डाग पडले. आमच्याकडच्या पावसात काय टिकतं म्हणा. त्याहून त्रास चित्रांचा. प्रत्येक रात्रीच्या डोक्यावर करड्या रंगाची चौकट आहे, तिची झेरॉक्स काढली की सगळं काळंकुट्ट येतं आणि वरचे दोन प्रश्न त्या काळ्यात बुडतात. सत्तावीस प्रती विकत घेणं आमच्यासारख्या शाळेला परवडत नाही, झेरॉक्सच काढावी लागते. एवढं छापणाऱ्याला कळायला हवं होतं.

प्रस्तावनेत तर ढळढळीत चूक आहे. पुस्तक धुळ्याच्या तुरुंगात लिहिलं, असं छापलंय. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गुरुजींनी विनोबांची गीता प्रवचनं उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, तीही पाच दिवसांत. मी लाल पेनने खोडून दुरुस्त केलं, म्हणून माझी प्रत आता दुसऱ्या कुणाला देण्यासारखी राहिली नाही.

आणखी एक. प्रश्नांपुढे ‘पान ४७ पाहा’, ‘पान ११२ पाहा’ असं दिलंय. कुठल्या आवृत्तीचं पान? गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षांनी पुस्तकाचे हक्क खुले झाले, तेव्हापासून कुणीही छापतो. माझ्या एका वर्गात पाच वेगवेगळ्या छपाया निघाल्या, एक तर मामाने मुंबईहून आणलेली, बारीक टायपाची. ‘रात्र अठरावी’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. बेचाळीस रात्री आहेत आणि त्यांचे आकडे कुठल्याच आवृत्तीत बदलत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. दर रात्रीला दहा, त्यातले आठ पर्यायांचे. गायीचं नाव काय, भाजी कशाची होती, कोण आजारी पडलं. हे आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीला सोयीचं, दहा मिनिटांत तपासून होतं. पहिल्या वीस रात्रींवर वीस गुणांची चाचणी घेतली. सगळ्यात जास्त गुण, अठरा, पडले ते एका अशा मुलीला जिने पुस्तक उघडलंच नव्हतं. अत्रे यांचा १९५३ चा सिनेमा मोबाइलवर दोनदा बघितला होता. विचारल्यावर तिने लपवलंही नाही. आणि एक मुलगा, जो मधल्या सुट्टीत पायरीवर बसून पुस्तक वाचताना मी स्वतः बघितलाय, त्याला नऊ. त्याला मोरी गाय लख्ख आठवत होती, कुठल्या रात्रीत आली ते मात्र आठवत नव्हतं. मला तरी कुठे आठवतं, मीही मागे वळून बघते.

‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्रीवरचा प्रश्न बघा. श्यामने चोरी कशासाठी केली? अ) खाऊ ब) खेळणी क) पुस्तकं ड) कपडे. सत्तावीसच्या सत्तावीस पोरांनी क लिहिलं. संचाच्या हिशोबाने सगळ्या वर्गाला धडा समजला. मी फळ्याला टेकून नुसतं विचारलं, “पुस्तकासाठी घेतले पैसे, तर ती चोरी का?” दोन तास गेले त्यात. एकजण म्हणाला, पुस्तक वाचून परत करता येतं, पैसे परत करता येत नाहीत. दुसरी म्हणाली, आईला न सांगता घेतलं तीच चोरी, पैसे कुणाचे का असेनात. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग पाहुण्याचं काय, ज्याचे गेले?” हा तिसरा प्रश्न संचात कुठेच नाही.

अळणी भाजीचंही तेच. भाजी रताळ्याच्या पाल्याची, हे विचारलंय. ‘भाऊंच्या (म्हणजे श्यामच्या वडिलांच्या) वागण्यातून कोणता गुण दिसतो’, हेही विचारलंय. उत्तरसूचीत एकच शब्द, ‘संयम’. एका मुलीने लिहिलं, “भाऊंनी तेव्हाच सांगितलं असतं तर आईने मीठ घातलं असतं आणि तिला शेवटी अळणी खावं लागलं नसतं.” सूचीप्रमाणे शून्य. मी पूर्ण गुण दिले. तेवढ्यावर न थांबता तो कागद शिक्षक-खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला, आणि आमचे गणिताचे सर घरी जाऊन बायकोला वाचून दाखवणार म्हणाले.

पोहण्याच्या रात्रीला आमच्या पोरांनी हसून घेतलं. शिंपटीने मार खाऊन विहिरीवर गेलेला मुलगा त्यांना काही झेपेना. “बाई, पाण्यात जायला मारावं लागतं होय?” ही पोरं पाळण्यातून उतरली ती थेट पुळणीवर, त्यांना श्यामची भीती कळणार कशी? अशा वेळी संचाने एखादा असा प्रश्न द्यायला हवा होता, जो पोराला स्वतःच्या भीतीकडे नेईल. शेवटी मीच विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते आणि घरात कुणी धरून ढकललं होतं का. रात्रीची होडी, शाळेतलं भाषण, आंब्याच्या झाडावर चढणं, आणि एकाने लिहिलं, इंग्रजीचा तास. तो वाचून इंग्रजीच्या बाई गप्प बसल्या, आम्ही मात्र हसलो.

मग हा संच घ्यायचा की नाही? शेवटचं पान नसतं तर मी नको म्हटलं असतं. तिथे फक्त एक ओळ आहे: ‘तुझ्या घरातली त्रेचाळिसावी रात्र लिही.’ खाली कोरी जागा आणि गुणांची चौकट, पाच गुण. उत्तरसूचीत ‘विद्यार्थ्यानुसार’. हे पान कुणी केलं कोण जाणे, बाकी संच करणाऱ्याचं ते नक्कीच नाही.

ज्याला नऊ गुण पडले होते, त्या पायरीवरच्या मुलाने लिहिलं की होडीचं इंजिन बिघडलं म्हणून बाबा पंधरा दिवस घरी होते. आई संध्याकाळी लिलावाला जायची, दुसऱ्यांची मासळी टोपलीत घेऊन विकायची. रात्री आली की म्हणायची, मी तिथेच खाल्लं. “पण डब्यातली भाकरी मी बघितली होती. सकाळी तीच माझ्या ताटात होती. मी काही बोललो नाही आणि खाल्ली.” एवढंच. शुद्धलेखनाच्या चार चुका.

मी चौकट कोरीच ठेवून कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी तो टेबलाशी येऊन उभा राहिला, “बाई, पाचातले किती?” तेव्हा कुठे लिहिले, पाच.

घ्यायचाच तर शाळेत एक प्रत घ्या, तार काढून दोऱ्याने शिवा आणि चाचणीसाठी प्रश्न स्वतःचे काढा. शेवटच्या पानाची मात्र झेरॉक्स भरपूर काढा. ते कोरं आहे, काळं येत नाही.