फेव्हिकॉल, इन्स्टंट ग्लू की इपॉक्सी? नागपूरच्या उन्हाळ्यात मॉडेल विमान जोडताना

सुट्टीत विमान बांधायला बसणाऱ्याचा पहिला विचार ठरलेला: सगळं फेव्हिक्विकनंच चिकटवलं तर? बाल्सावर, म्हणजे मॉडेलसाठीच्या हलक्या मऊ लाकडावर, चालेल. थर्माकोलवर मात्र साधा इन्स्टंट ग्लू पडला की थर्माकोल विरघळून खड्डाच पडतो. तिथे त्यातला फोम-सेफ प्रकार किंवा इपॉक्सी (दोन भाग एकत्र कालवून लावायचा गोंद) घ्या. ग्लूगनही चालते, फक्त मे महिन्यात विमान बंद गाडीत ठेवू नका. तापलेल्या गाडीत तो गोंद पुन्हा मऊ पडतो.

बाल्साच्या सांगाड्यासाठी माझं मत फेव्हिकॉलला. सावकाश धरतो, म्हणून रिब (पंखाला आकार देणारी आडवी फळी) तिरकी बसली तर सरळ करता येते. नवतप्याच्या कोरड्या हवेत सुकतोही लवकर; तरी जोड धरून ठेवणाऱ्या टाचण्या रात्रभर राहू द्या. थर पातळच हवा. जाड थरानं वजन वाढतं आणि पॉलिशपेपर मारताना त्याचे रबरासारखे गोळे निघतात. पातळ बाल्साशीट मात्र त्यातल्या पाण्यानं वाकते.

इन्स्टंट ग्लू ओलाव्यामुळे घट्ट होतो. त्यामुळे अगदी कोरड्या खोलीत रेंगाळतो, कूलर चालू असला की पटकन धरतो, अन् पावसाळ्यात जोडाभोवती पांढुरकी पावडर सोडतो. पातळ प्रकार घट्ट बसलेल्या जोडात आपोआप झिरपतो. फट असेल तर जाडसर घ्या. जोड कडक पण ठिसूळ, आदळआपट झाली की तडकतो. सांडला तर सुती फडक्यानं पुसायचा नाही: कापूस आणि हा ग्लू एकत्र आले की चांगलाच चटका बसतो. पारदर्शक कॅनोपीपासूनही (कॉकपिटवरच्या झाकणापासून) दूर ठेवा, वाफेनं ती धुरकट होते. तिथे पुन्हा फेव्हिकॉलच.

मोटरची फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती पुढची फळी), पंखांचा मधला जोड, चाकांचा आधार या ताण येणाऱ्या जागी मात्र इपॉक्सीला तोड नाही. पण पारा 45 वर असताना पाच मिनिटांचं इपॉक्सी पाच मिनिटं थांबत नाही. सकाळी उजाडताच काम उरका, थोडंच कालवा, आणि वाटीत न ठेवता फरशीच्या तुकड्यावर पसरून घ्या. ढीग राहिला की ते स्वतःच्याच उष्णतेनं लवकर घट्ट होतं. घाई जमत नसेल तर सावकाश धरणारं ॲरल्डाइट बरं, आणि जोडही जास्त मजबूत.

पहिलंच बिनमोटरचं ग्लायडर असेल तर फेव्हिकॉलची छोटी बाटली आणि फेव्हिक्विकची एक ट्यूब पुरे. इपॉक्सीचे पैसे मोटर घ्याल तेव्हा घाला.