क्लिपांचा पसारा आवरायला प्रो टूल्स, रीपर की एबलटन लाईव्ह?

गाणी रेकॉर्ड करून जोडायचं सॉफ्टवेअर घेताना सगळे आधी प्लगइन्स (आवाजावर इफेक्ट देणारे जोड-प्रोग्राम) बघतात, पण रोजच्या कामात खरा जीव खातो तो क्लिपांचा पसारा. एका गाण्याचे १२ टेक घेतले, म्हणजे तेच गाणं १२ वेळा रेकॉर्ड केलं, त्यातून बऱ्या ओळी कापून जोडल्या, की शेदोनशे क्लिप सहज होतात आणि मग "ऑडिओ १_२७" म्हणजे मुखडा होता की चुकलेला अंतरा, काही केल्या आठवत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. क्लिप म्हणजे फाईल नव्हे. फाईल डिस्कवर असते, आणि क्लिप म्हणजे "त्या फाईलचा इथपासून इथपर्यंतचा भाग वाजव" एवढीच सूचना, त्यामुळे टाइमलाईनवरून क्लिप उडवली तरी डिस्कवर जागा मोकळी होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाला एक मोनो ट्रॅक (एका आवाजाची पट्टी) मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, म्हणजे ४ मिनिटांच्या गाण्याचे १२ टेक ४०० एमबीच्या वर जातात, आणि हे फक्त एका ट्रॅकचं.

हे नातं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते प्रो टूल्समध्ये. उजवीकडच्या क्लिप लिस्टमध्ये अख्खी फाईल ठळक अक्षरात आणि तिचे कापलेले तुकडे साध्या अक्षरात, बघताक्षणी कळतं. न वापरलेल्या क्लिप एका कमांडने निवडता येतात, पण पुढे "क्लिअर" करताना पर्याय येतात ते नीट वाचा, "रिमूव्ह" म्हणजे फक्त यादीतून बाहेर आणि "डिलीट" म्हणजे डिस्कवरून कायमचं, तिथे अनडू चालत नाही. मी एकदा घाईत असेच चांगले टेक घालवलेत, ती ओळ पुन्हा तशी गायली गेलीच नाही. एकाच ट्रॅकवर वेगवेगळे टेक ठेवायला प्लेलिस्ट आहेत, त्या मला फार आवडतात. क्लिपला नाव ट्रॅकवरून मिळतं, तेव्हा रेकॉर्ड दाबायच्या आधीच ट्रॅकला नाव द्या.

रीपरमध्ये क्लिपला आयटम म्हणतात आणि एकाच आयटमच्या पोटात अनेक टेक राहतात. २०२३ मध्ये आलेल्या सातव्या व्हर्जनपासून लेन (टेक एकाखाली एक दाखवणाऱ्या पट्ट्या) आल्या, त्यामुळे टेकमधून तुकडे निवडणं खूप सोपं झालंय. यादी हवी तर प्रोजेक्ट बे उघडा. सफाईला "क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी" आहे, पण एकाच फोल्डरमध्ये गाण्याची दोन-तीन व्हर्जन्स सेव्ह केली असतील तर जपून, कारण चालू प्रोजेक्टला न लागणारी फाईल जुन्या व्हर्जनला लागत असू शकते. आणि प्रोजेक्ट आधी सेव्ह करून मगच रेकॉर्डिंग सुरू करा, नाहीतर फाईल्स भलत्याच फोल्डरमध्ये जातात.

एबलटन लाईव्हचा विचारच वेगळा आहे. सेशन व्ह्यूमध्ये क्लिप चौकटीत बसतात, हवी ती हव्या त्या वेळी वाजवा, लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) जुळवून गाणं उभं करणाऱ्याला यासारखं सुख नाही. टेक लेन आल्या त्या २०२१ मध्ये, लाईव्ह ११ पासून. अडचण होते ती बाहेरून ओढून आणलेल्या सॅम्पलची (तयार आवाजांच्या फाईल्सची), ते मूळ जागीच राहतात आणि प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेला की सापडत नाहीत, म्हणून "कलेक्ट ऑल अँड सेव्ह" करायची सवय लावाच.

गायन, भरपूर टेक, आणि सेशन (प्रो टूल्समधला प्रोजेक्ट) मिक्सिंगला दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल तर मी डोळे मिटून प्रो टूल्स सांगेन. एकट्याने काम, सगळं स्वतःच्या सवयीप्रमाणे बदलून घ्यायची आवड, तर रीपर. लूप आणि बीट्सवाल्याने लाईव्हच घ्यावं.

प्रो टूल्सची मोफत इंट्रो आवृत्ती ८ ऑडिओ ट्रॅक देते, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, लाईव्हचीही ट्रायल आहे. तिन्हीमध्ये एकच गाणं ५ टेकमध्ये रेकॉर्ड करा, कापा, जोडा, आणि आठवड्याने उघडून तिसऱ्या टेकची दुसरी ओळ कुठे सहज सापडते ते बघा.