कोर्दोबाची मेस्किता: एकदा गाइडबरोबर, एकदा आपले आपण

मेस्किता म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातली जुनी मशीद, आज तिथं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) आहे. आत शिरण्याआधी बाहेरच्या आवारातल्या नारिंगाच्या झाडांना पाणी कसं दिलंय ते बघा. बहुतेक लोक तिथं तिकिटाच्या रांगेत उभे असतात किंवा मनोऱ्याचा फोटो काढत असतात, खाली कोणी बघत नाही. आवाराची फरसबंदी बारीक गोल गोट्यांची आहे. त्यात प्रत्येक झाडाला गोल आळं आणि एका आळ्यातून दुसऱ्यात जाणारी अरुंद चारी. तोंडाशी पाणी सोडलं की ते झाडामागून झाड भिजवत शेवटच्या ओळीपर्यंत जाणार. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी सांगली जिल्ह्यात. चारीला उतार किती द्यायचा यावरून शेतकऱ्यांशी आणि ठेकेदारांशी किती वाद घातले असतील, गणती नाही. त्यामुळे मी तिथं उकिडवा बसून चारीचा उतार डोळ्यानं मोजत होतो आणि आमची ही म्हणत होती, "अहो, लोक बघतायत, उठा आता."

मुलगा माद्रिदला नोकरीला आहे. नोव्हेंबरात आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं दक्षिणेतल्या कोर्दोबाची दोन दिवसांची सहल ठरवून दिली. माद्रिदहून वेगवान रेल्वेनं पावणेदोन तास लागतात. स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत सपाट रस्ता आहे, रमतगमत अर्ध्या तासात पोचता. पुढं मात्र गल्ल्यांमध्ये तीच गोट्यांची फरसबंदी. गुडघे दुखत असतील तर जाड तळाचे बूट घाला. हिनं पहिल्या दिवशी चपला घातल्या होत्या, संध्याकाळी पाय सुजले.

पहिल्या दिवशीचा अनुभव चांगला नव्हता. मुलानं ऑनलाइन एका कंपनीची गाइडसह सहल बुक केली होती. माणसं पंचवीसच्या वर, कानातल्या यंत्रातून निम्मं बोलणं खरखरीत ऐकू यायचं. गाइडबाई चांगल्या शिकलेल्या दिसत होत्या, पण त्यांना पुढच्या गटाची घाई होती. एवढी मोठी वास्तू आम्ही पाऊण तासात उरकली आणि चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात त्याहून जास्त वेळ घालवला. पैसे गेले याचं दुःख नाही. आयुष्यात एकदाच बघायला मिळणारी गोष्ट अशी धावत बघावी लागली, याचं वाईट वाटलं. रात्री झोप लागेना, तेव्हा फोनवर वाचलं की सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश मोफत असतो आणि त्या वेळात गटांना सोडत नाहीत. (एरवी आम्ही गेलो तेव्हा तिकीट १३ युरो होतं.) दुसऱ्या दिवशी सव्वाआठलाच आम्ही दोघं आवारात हजर. नारिंगं पिवळी व्हायला लागली होती. ती कडू असतात, तोडून खायच्या भानगडीत पडू नका.

आत पाऊल टाकलं की आधी अंधार वाटतो, मग हळूहळू खांब दिसू लागतात आणि संपतच नाहीत. आज ८५६ खांब उभे आहेत. बांधकाम ७८५ च्या सुमारास इथला मुस्लिम राज्यकर्ता पहिला अब्द अर-रहमान यानं सुरू केलं, आणि पुढच्या दोनशे वर्षांत दुसरा अब्द अर-रहमान, दुसरा अल-हकम आणि शेवटी अल-मन्सूर यांनी ते वाढवत नेलं. पण मला राजांच्या नावांपेक्षा कारागिरांची अडचण जास्त भावली. सुरुवातीचे खांब त्यांनी घडवलेले नाहीत. जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर इथं राज्य केलेले लोक) इमारतींतून काढून आणलेले आहेत. कुठला संगमरवरी, कुठला ग्रॅनाइटचा, कोणाचा माथा नक्षीचा तर कोणाचा साधा. उंचीही सारखी नाही, म्हणून कोणाखाली बैठक दिली आहे तर कोणाला जमिनीत उतरवलं आहे. वाकून बघितलं की हे दिसतं. दौलताबादच्या भारतमाता मंदिरात मी असेच खांब बघितले होते. ते मंदिर मुळात मशीद; १३१८ साली ती उभारताना जुन्या देवळांचे खांब वापरले होते, आणि आज तिथं पुन्हा मूर्तीसमोर हात जोडले जातात.

तर आणलेले खांब आखूड आणि मंडप तर प्रचंड. एवढ्या बुटक्या खांबांवर छप्पर टाकलं असतं तर आत जीव घुसमटला असता. त्यांनी काय केलं? खांबाच्या माथ्यावर दगडी स्तंभ चढवून उंची वाढवली. मग दोन खांब डुलू नयेत म्हणून मध्ये घोड्याच्या नालासारखी कमान दिली. या खालच्या कमानीवर काहीच भार नाही, ती फक्त दोघांना धरून ठेवते आणि तिच्यावरची जागा मोकळी सोडली आहे. भार घेते ती वरची, जाडजूड दुसरी कमान. तिच्यावर भिंत, आणि या भिंतीच्या माथ्यावर, छपराच्या दोन उतारांच्या मध्ये, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ! म्हणजे खाली बारीक, वर जाड. आपण भिंत बांधतो ती बरोबर उलट. त्यामुळे जमिनीवर माणसांना मोकळी जागा मिळाली आणि डोक्यावर पाण्याला रुंद वाट मिळाली.

ही कल्पना कुठून आली असावी याबद्दल जाणकार मेरिदा गावातल्या रोमन जलसेतूकडे बोट दाखवतात. तिथंही कमानींवर कमानी आणि दगड-विटांचे आलटून पालटून थर आहेत. हे वाचल्यावर माझ्या अंगावर काटा आला. जलसेतू आम्हीही बांधले, ओढ्यावरून कालवा पलीकडे न्यायला. त्याच जातीच्या बांधकामावरून कोणाला तरी प्रार्थनेचा मंडप सुचला आणि त्यानं वरच्या पन्हळीतलं पाणीसुद्धा सोडलं नाही. गाइडबाईंनी यातला एक शब्दही सांगितला नव्हता. फक्त "लाल-पांढऱ्या कमानी, फोटो काढा" एवढंच.

लाल-पांढऱ्याबद्दल आणखी एक. जुन्या भागात लाल म्हणजे खरी वीट आणि पांढरा म्हणजे दगड. अल-मन्सूरनं दहाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेकडे जो भाग वाढवला त्यात बहुतेक ठिकाणी सगळा दगडच आहे आणि लाल पट्टे नुसते रंगवलेले आहेत. जवळ जाऊन बघा, फरक कळतो. नदी आडवी असल्यामुळे दक्षिणेला आणखी वाढवता येत नव्हतं, म्हणून तो पूर्वेला सरकला, आणि मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, वास्तूच्या मध्यभागी राहिला नाही. दगडांवर पाथरवटांच्या खुणा आणि नावं कोरलेली आहेत, त्यांचे ठसे मांडून ठेवलेत. तिथं थांबा. एवढ्या जुन्या वास्तूत मजुराचं नाव टिकलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

मिहराबाचं वर्णन मी करणार नाही. सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांचं ते काम बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राटानं पाठवलेल्या साहित्यातून झालेलं आहे, आणि समोरच्या घुमटाच्या कमानी एकमेकींना छेदून चांदणी कशी करतात ते मान मोडेपर्यंत बघावं. दिवसा इथं कठड्याला खेटून गर्दी असते. सकाळी नऊला आम्ही दोघं आणि एक म्हातारे गृहस्थ, बस्स.

आणि मग मध्येच चर्च. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोनं शहर जिंकल्यावर मशिदीचं कॅथेड्रल झालं, पण वास्तू बरीचशी तशीच राहिली. १५२३ मध्ये बिशपनं मधले खांब पाडून उंच कॅथेड्रल उभारायला घेतलं. नगर परिषदेचा विरोध इतका की बादशहाचा निर्णय येईपर्यंत पाडकामाला हात लावणाऱ्याला मृत्युदंड देऊ, असं फर्मान काढलं होतं. बादशहा पाचव्या कार्लोसनं बिशपच्या बाजूनं कौल दिला. माझं मत स्पष्ट आहे: हे पाडायला नको होतं. पण आतली महोगनीची कोरीव आसनं बघितली आणि गप्प झालो. पेद्रो दुके कोर्नेखो या शिल्पकारानं आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. त्याचा काय दोष? हिला मात्र कॅथेड्रलच जास्त आवडलं, "इथं उजेड तरी आहे" म्हणाली. साडेनऊला मास (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असतो, त्याआधी रखवालदार नम्रपणे सगळ्यांना बाहेर काढतात.

मनोऱ्याचं तिकीट वेगळं असतं, आम्ही गेलो तेव्हा ३ युरो होतं, आणि वेळ ठरलेली असते. १९१ पायऱ्या आहेत. जुना मिनार आत तसाच ठेवून बाहेरून घंटाघर चढवलं आहे. मी एकटाच चढलो. वरून मंडपाच्या छपरांच्या रांगा आणि त्यांच्या मधल्या पन्हळी स्वच्छ दिसतात. माझे ३ युरो तिथंच वसूल झाले.

नदीचं नाव ग्वादालकिवीर, अरबी 'वादी अल-कबीर'वरून, म्हणजे मोठी नदी. आमच्या कृष्णेपुढं मला ती लहानच वाटली. सोळा कमानींच्या रोमन पुलाशेजारी आल्बोलाफिया नावाचं पाणचक्कीचं जुनं बांधकाम आहे आणि त्याला भलं मोठं लाकडी चाक. प्रवाहानं फिरून पाणी वर उचलणारा रहाटच. राणी इसाबेलाला जवळच्या राजवाड्यात त्याच्या आवाजानं झोप येईना म्हणून तिनं तो काढायला लावला असं सांगतात. आताचं चाक नव्यानं केलेलं आहे. ते फिरत नव्हतं. फिरतं ठेवलं तर शाळेतल्या पोरांना केवढं शिकता येईल! पालिकेनं हे मनावर घ्यावं असं मला फार वाटलं. आजूबाजूच्या झाडोऱ्यात बगळे भरपूर आहेत.

ज्यूंच्या जुन्या वस्तीतलं सिनेगॉग (त्यांचं प्रार्थनास्थळ) १३१५ चं, एका खोलीएवढं. आम्ही गेलो तेव्हा युरोपीय संघाबाहेरच्यांना तिकीट ३० सेंट! भिंतींवर गिलाव्यात कोरलेली हिब्रू वचनं अजून वाचता येण्याजोगी आहेत. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवल्यावर इथं पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांसाठी रुग्णालय होतं, नंतर चांभारांच्या संघटनेकडे गेलं. मदिना असाहरा हे खलिफाचं उद्ध्वस्त शहर गावाबाहेर आठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या संग्रहालयापासून बस घ्यावी लागते आणि सोमवारी बंद असतं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, सावली अजिबात नाही. तिथल्या पाण्यासाठी त्यांनी जुना रोमन जलमार्ग दुरुस्त करून घेतला होता, एवढं सांगतो आणि थांबतो, नाहीतर मी यावरच चार पानं लिहीन.

खाण्याचं सांगायचं राहिलं. आम्ही दोघं शाकाहारी. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट थंड सार. त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात, म्हणून आधीच "सिन खामोन, सिन ऊएवो" सांगा. हिला ते थंड असल्यामुळे फारसं रुचलं नाही. मग वेटरनं वांग्याचे तळलेले काप आणून ठेवले, वरून काळसर, दाट काहीतरी ओतलेलं. मेनूत त्याला उसाचा मध म्हटलं होतं. हिनं बोट लावून चाखलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, ही काकवी आहे."

काकवीच होती. आमच्याकडे गुऱ्हाळात मिळते तशीच, फक्त थोडी जास्त आटवलेली. मुलगा म्हणाला, अरबांनी ऊस या भागात आणला आणि खाली मालागाच्या किनाऱ्याला अजूनही हे पाक करतात. आम्ही आणखी एक प्लेट मागवली. निघताना बाजारातून काकवीची एक बाटली घेतली, आणि ती सध्या मिरजेला आमच्या फडताळात आहे.