टिळकवाडीतली अल्कलाईन थाळी: आमटीला फुल मार्क, पाटीला नाही

बेळगावात टिळकवाडीत एका घरात खालच्या मजल्यावर काकू-काका दोघं मिळून छोटं किचन चालवतात, बाहेर कन्नड आणि मराठी दोन्हीत मोठी पाटी आहे, 'अल्कलाईन प्लांट बेस्ड थाळी'. नाव लिहीत नाही कारण तक्रारपण करायची आहे आणि माणसं खरंच चांगली आहेत. पण जेवणाबद्दल आधी, कारण जेवण एक नंबर आहे.

थाळीत काबुली चण्याची भाज्या घातलेली दाटसर आमटी, ज्वारीची गरम भाकरी, एक सुकी भाजी (मला दोडका मिळाला, कधी मेथी असते), मूगडाळ-काकडीची कोसंबरी, कारळ्याची चटणी, लिंबू आणि शेवटी गवती चहा-आल्याचं गरम पाणी. दूध, दही, तूप काहीच नाही. ताक नाही म्हटल्यावर आमच्या मामंजींचा चेहरा पडला होता, आपल्याकडं ताकाशिवाय जेवण संपतच नाही, पण आमटीची पहिली वाटी झाल्यावर त्यांनी स्वतःच दुसरी मागितली.

ती आमटी नीट सांगते. चणा बोटात धरून दाबला तर आत लोण्यासारखा मऊ, पण साल जागच्या जागी, चोथा झालेला नाही. बऱ्याच हॉटेलात चणे लवकर शिजावेत म्हणून भिजवतानाच खायचा सोडा टाकतात, त्यानं चणा गिळगिळीत होतो, एक साबणासारखी चव येते आणि चण्यातलं बी-वन जीवनसत्त्वपण बरंच नासतं. काकू सोडा अजिबात घालत नाहीत, रात्री भिजवतात, सकाळी ते पाणी ओतून टाकतात आणि नव्या पाण्यात हळद-आलं घालून कुकरला लावतात. भिजवलेलं पाणी टाकायचं कारण साधं आहे, चण्यात ज्या साखरा आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यात जाऊन गॅस करतात त्यातल्या काही त्या पाण्याबरोबर निघून जातात. मामंजींना छोले म्हटलं की पोट फुगतं, इथं तसं काही झालं नाही.

मग त्यात लाल भोपळा, गाजर, फरसबी, शेवग्याची शेंग, आणि पालक अगदी गॅस बंद करताना, त्यामुळं हिरवागार राहतो. भाजी ताजी असते हे तोंडात घातल्या घातल्या कळतं, आणि असायलाच पाहिजे, आपल्या भागातली भाजी गाड्या भरभरून गोव्याला जाते, मग बेळगावात बसून शिळी भाजी का खायची? मसाला कोरडा भाजून कुटलेला, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, सुंठ, किंचित जायफळ, आणि वरून शेंगतेलात हिंगाची फोडणी. तिखट बेडगीचं, म्हणजे रंग भरपूर आणि जाळ कमी, संकेश्वरी मिरचीची सवय असलेल्यांना पहिल्यांदा सपक वाटेल पण दोन घास थांबा, मागून मिरी आणि सुंठेची ऊब घशात हळूहळू येते. बाहेर पावसाची झड लागलेली, छत्री निथळत कोपऱ्यात ठेवलेली आणि समोर ही वाटी, एवढ्यासाठी तरी पावसाळ्यातच जा. हळद आणि मिरी एकत्र असण्यात नुसती चव नाही, मिरीमुळं हळदीतलं कर्क्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं, आणि वरून लिंबू पिळलं की चण्या-पालकातलं लोहपण चांगलं लागू पडतं. भाकरीबरोबर चणा ही जोडी तर आपल्या आज्यांनी केव्हाच जमवलेली, ज्वारीत लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते चण्यात भरपूर.

आता पाटी. तिच्यावर खाली लिहिलंय की हे जेवण रक्त अल्कलाईन (म्हणजे ॲसिडच्या उलट) करतं, शुगर घालवतं, आजार जवळ येत नाहीत. हे मला पटत नाही आणि गप्प बसवत नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ॲसिड-अल्कलीचं माप, 7.35 ते 7.45 एवढ्यातच असतो, फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि किडन्या जास्तीचं ॲसिड लघवीतून काढून तो तिथंच धरून ठेवतात. आपण काय खाल्लं त्यानं लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा नाही. आणि अन्न पचल्यावर शरीरावर ॲसिडचा किती भार पडतो याचा जो हिशोब 1995 साली रेमर आणि मान्झ या संशोधकांनी मांडला, त्यात भाज्या-फळं अल्कलीकडं झुकतात, डाळी-कडधान्यं बहुतेक थोडी ॲसिडकडं. म्हणजे थाळीतला चणाच त्या पाटीत बसत नाही, आणि त्यानं काही बिघडतपण नाही! चण्यात प्रोटीन आहे, फायबर आहे, त्यानं शुगर हळू चढते, तेल बेताचं, भाज्या पोटभर, एवढं खरं सांगितलं तरी मी रांगेत उभी राहीन.

मला काळजी का वाटते ते सांगते. शेजारच्या टेबलावर जेवायला आलेले एक काका किचनवाल्या काकांनाच सांगत होते की इथं जेवायला लागल्यापासून मी शुगरची गोळी अर्धी केली. डॉक्टरांना विचारलं काय म्हटलं तर नाही म्हणाले. मी त्यांना हात जोडून सांगितलं, काका जेवण चालू ठेवा पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. असंच किडनीचा त्रास असणाऱ्यांचं, पालक, भोपळा, शेवगा यात पोटॅशियम भरपूर, त्यांनी तर विचारूनच खावं. आणि पूर्ण प्लांट बेस्ड खाणाऱ्यांना बी-ट्वेल्व्ह या थाळीतून मिळणार नाही, ते वेगळं घ्यावं लागतं.

काउंटरला अल्कलाईन पाण्याची बाटलीपण विकतात, 60 रुपये. घेऊ नका. पोटातलं ॲसिड इतकं तीव्र असतं की ते पाणी पोटात पोचलं की संपलं त्याचं अल्कलाईनपण, त्यापेक्षा ते गवती चहाचं पाणी फुकट आहे आणि कितीतरी छान आहे.

मी काकूंना विचारलं, काकू ते शुगरचं तेवढं काढा की हो पाटीवरनं. म्हणाल्या, "अगं पोरानं नेटवर बघून लिहून घेतलंय, मला आमटी येते, पाटीचं काय कळतंय." पण नंतर म्हणाल्या पेंटरला बोलावते. बोलावतील असं वाटतंय मला.

बाकी बारीकसारीक, मीठ रोज एकसारखं नसतं, बीपीवाल्यांनी आधी सांगा, वेगळं काढून देतात. अनगोळ-वडगावकडं पार्सल पोचायला पावसात फार उशीर होतो आणि तोवर भाकरी वातड होते, त्यापेक्षा तिथं जाऊनच बसा. थाळी 140 रुपये, आमटी दुसऱ्यांदा मागितली तर पैसे लावत नाहीत. भात हवा असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करून सांगावं लागतं.

पाचातले चार स्टार देते, पाटी बदलली की पाचवा. आणि पार्सल नेणार असाल तर घरचा स्टीलचा डबा न्या, त्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात उकळती आमटी भरलेली मला बघवत नाही.