विजेता संघ पुढच्या मोसमात का घसरतो? तीन बेसबॉल वेबसाइटची पारख

न्यूयॉर्क यांकीजने 1998, 1999 आणि 2000 अशी सलग तीन वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर लागोपाठ दोनदा जिंकणारा संघ दिसायला 2025 उजाडलं. तो मान लॉस एंजेलिस डॉजर्सचा. मधल्या काळात विजेत्यांचे हाल झाले. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने 2010, 2012 आणि 2014 ला चषक उचलला, पण 2011, 2013 आणि 2015 ला हा संघ प्लेऑफमध्येही (ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांतही) पोचला नाही. बॉस्टन रेड सॉक्स 2013 ला 97 सामने जिंकून विजेते ठरले, पुढच्या वर्षी 71 वर आले.

'जिंकल्यावर भूक मरते' असं म्हणून हा विषय नेहमी गुंडाळला जातो. त्यातून काहीच हाती लागत नाही. कारणं बहुतेक वेळा आकड्यांत आधीच दिसत असतात, फक्त ती तीन ठिकाणी विखुरलेली आहेत: बेसबॉल-रेफरन्स, बेसबॉल सॅव्हंट आणि फॅनग्राफ्स. या एका प्रश्नासाठी कोणती वेबसाइट कुठवर साथ देते, एवढंच इथे पाहिलं आहे.

सुरुवात बेसबॉल-रेफरन्सपासूनच करावी. संघाचं त्या वर्षाचं पान उघडलं की वरच 'पायथागोरियन' नावाची ओळ दिसते. काढलेले आणि दिलेले रन यांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते, याचा तो अंदाज असतो. ढोबळ सूत्र सोपं आहे: काढलेल्या रनांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज. वेबसाइट 2 ऐवजी 1.83 हा घात वापरते, म्हणून कागदावर केलेल्या हिशेबात एखाद्या विजयाचा फरक पडतो. 2015 च्या विजेत्या कॅन्सस सिटी रॉयल्सने त्या मोसमात 95 सामने जिंकले, पण रनांच्या हिशेबाने ते 90 विजयांचेच होते. 2016 ला त्यांची गाडी 81 वर थांबली. अशा वेळी ही ओळ खरोखर कामाची.

पण तिच्यावरच विसंबलात तर फसाल. 2023 च्या विजेत्या टेक्सस रेंजर्सच्या पानावर 881 रन काढले, 716 दिले, अपेक्षित निकाल 96-66 (विजय-पराभव) असं दिसतं. प्रत्यक्षात ते 90-72 होते. म्हणजे या ओळीनुसार संघ दिसतो त्याहून चांगला, आणि तरी 2024 ला 78-84. खाली उतरून बॅटिंगचा तक्ता पाहिला की उलगडा होतो. 881 चे 683 रन झाले. आदोलिस गार्सियाचे 39 होम रन 25 वर आले, मार्कस सेमियनचे 29 वरून 23 वर. एव्हन कार्टर 45 सामने खेळू शकला आणि जॉश यंग 46. दोन तरुण दुखापतीने बाहेर, दोन अनुभवी बॅटर एकाच वर्षी घसरलेले. चषकाच्या वर्षी सगळ्यांचं एकदम जुळून आलेलं असतं, आणि तितकंच पुन्हा जुळेल असं गृहीत धरून संघ बांधला की हे होतं. याच पानावर संघाचं सरासरी वयही असतं आणि ते खेळण्याच्या प्रमाणात काढलेलं असतं. त्यामुळे बाकावर बसलेल्या चाळिशीच्या खेळाडूने आकडा फुगत नाही. ही बारीक गोष्ट इथे फार नीट केली आहे.

या वेबसाइटची खरी उणीव पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) बाबतीत जाणवते, आणि माझ्या मते विजेत्या संघाचं सगळ्यात मोठं दुखणं तिथेच आहे. ऑक्टोबरभर खेळणारा संघ आपल्या उत्तम पिचरांकडून जास्तीचं काम काढून घेतो. पण खेळाडूच्या पानावर नियमित मोसम आणि प्लेऑफ यांचे तक्ते वेगळे असतात, बेरीज आपल्यालाच करावी लागते. इथे एक सापळा आहे. तीन बाद म्हणजे एक इनिंग, पण त्यातला दशांश खरा दशांश नसतो: .1 म्हणजे एक बाद, .2 म्हणजे दोन बाद. योशिनोबू यामामोतोने 2025 ला नियमित मोसमात 173.2 आणि प्लेऑफमध्ये 37.1 इनिंग टाकल्या. कॅल्क्युलेटर 210.3 सांगेल, पण खरा आकडा पूर्ण 211 आहे. त्यातही वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून तो दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात परतला होता, हे बेरजेत दिसत नाही.

हा भार किती महाग पडू शकतो, ते 2019 च्या विजेत्या वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीव्हन स्ट्रासबर्गच्या पानावर दिसतं. त्या वर्षी नियमित मोसमात 209 आणि प्लेऑफच्या 36.1, एकूण 245.1 इनिंग. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग 7 वर्षांचा, 24.5 कोटी डॉलरचा करार. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याने 8 सामन्यांत 31.1 इनिंग टाकल्या. फक्त त्या ऑक्टोबरमुळेच शरीर मोडलं असं म्हणता येणार नाही, त्याच्या दुखापतींचा इतिहास जुना होता. पण संघ 2020 च्या छोट्या मोसमात 26-34 वर आला आणि 2022 पर्यंत 55-107 वर, यात त्या रिकाम्या जागेचा वाटा मोठा आहे.

आकडा कोसळण्याआधीची चाहूल बेसबॉल सॅव्हंट देते, तीही पूर्ण फुकट. 'स्टॅटकास्ट सर्च'मध्ये पिचरचं नाव टाका, चेंडूचा प्रकार फास्टबॉल ठेवा, सामन्याच्या प्रकारात प्लेऑफही निवडा आणि महिन्यानुसार गट पाडा. वेग सप्टेंबरपासून उतरत असेल किंवा हातातून चेंडू सुटण्याची जागा खाली सरकली असेल, तर पुढच्या वर्षी त्या पिचरकडून 180 इनिंगची आशा धरू नये. दोन चुका मात्र हमखास होतात. थंडीमुळे एप्रिलमधला वेग तसाही कमी असतो, म्हणून एप्रिलची तुलना आधीच्या एप्रिलशीच करा. आणि 2017 मध्ये मोजणीची यंत्रणा बदलली, त्यामुळे 2016 आणि 2017 चा वेग शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. शोधाचा फॉर्म गुंतागुंतीचा आहे, नवख्याला पहिला तासभर त्रास होईल, पण चिकाटी धरावी.

फॅनग्राफ्सचं बलस्थान वेगळं आहे. 2016 च्या विजेत्या शिकागो कब्जने त्या वर्षी 808 रन काढून फक्त 556 दिले. 2017 ला काढलेले रन उलट वाढून 822 झाले, पण दिलेले 695 वर गेले. जॉन लेस्टरचा ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेले रन) 2.44 वरून 4.33. पिचर अचानक बिघडले का? फॅनग्राफ्सवर 2016 च्या पिचिंगमध्ये 'बॅबिप' पाहा, म्हणजे होम रन सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंवर किती हिट गेल्या. लीगमध्ये हा आकडा साधारण .300 असतो, कब्जचा होता .255. अशी फिल्डिंग आणि असं नशीब दोन वर्षं टिकत नाही. काइल हेंड्रिक्सचा ईआरए तेव्हा 2.13 होता, पण फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेला बेस) आणि होम रन धरणारा एफआयपी 3.20. फॅनग्राफ्स पिचरचं मोल या एफआयपीवरून काढते, तर बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या रनांवरून. म्हणून दोन्हीकडचं 'वॉर' (खेळाडूने संघाला किती जादा विजय मिळवून दिले याचा अंदाज) जुळत नाही. एकाचं वॉर दुसऱ्याच्या शेजारी ठेवून वाद घालणं व्यर्थ आहे. विजेत्या संघाच्या बाबतीत मी फॅनग्राफ्सचा आकडा धरेन, कारण फिल्डरांनी वाचवलेले रन तो पिचरच्या खात्यात टाकत नाही.

तिथल्या 'रोस्टर रिसोर्स' विभागात पगार आणि सेवाकाळ (मेजर लीगमध्ये काढलेला काळ) मिळतो. इथेही दशांशाचा सापळा आहेच: 3.045 म्हणजे 3 वर्षं 45 दिवस, आणि 172 दिवसांचं एक वर्ष धरलं जातं. 6 वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा. क्रिस ब्रायंटला 2015 ला 171 दिवस मिळाले, एका दिवसाने वर्ष हुकलं आणि त्याची मोकळीक 2021 अखेरपर्यंत लांबली. कब्जने त्याला, अँथनी रिझो आणि हावियर बाएझला जुलै 2021 मध्येच दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. विजेत्या संघातले तरुण साधारण एकाच वेळी महाग होतात. 2025 ला पगाराची करमर्यादा 24.1 कोटी डॉलर होती. ती पहिल्यांदा ओलांडली की वरच्या रकमेवर 20 टक्के कर, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यापासून 50. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं, हे तिथेच ठरतं.

डॉजर्स कसे टिकले, तेही याच विभागात समजतं. 2024 च्या विजयानंतर जॅक फ्लॅहर्टी आणि वॉकर ब्यूलर गेले. त्यांच्या जागी 5 वर्षांसाठी 18.2 कोटी डॉलर देऊन ब्लेक स्नेल आला, शिवाय रोकी सासाकी. पिचर जखमी होणारच हे धरून त्यांनी जादा पिचर बाळगले.

तिन्ही वेबसाइटना एक गोष्ट दाखवता येत नाही: 5 किंवा 7 सामन्यांच्या मालिकेतला योगायोग. अटलांटा ब्रेव्ह्ज 2021 ला 88 विजयांवर चषक जिंकले, 2022 ला 101 सामने जिंकूनही पाच सामन्यांच्या मालिकेत फिलाडेल्फियाकडून हरले. तो संघ घसरला नव्हता, सुधारला होता. चषक गेला एवढ्यावरून संघ बिघडला असं म्हणण्याआधी त्या वर्षाचं पायथागोरियन पाहा.

वेळ कमी असेल तर एवढंच करा: बेसबॉल-रेफरन्सवर रनांचा फरक, सॅव्हंटवर पहिल्या तीन पिचरांचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा वेग, फॅनग्राफ्सवर बॅबिप आणि 5 वर्षांच्या पुढचा सेवाकाळ. अर्ध्या तासाचं काम. बेसबॉल-रेफरन्सची 'स्टॅटहेड' ही सशुल्क सेवा यासाठी लागत नाही. फॅनग्राफ्सचं सदस्यत्व घेतलं तर जाहिराती जातात. रोज वापरणाऱ्याने ते जरूर घ्यावं, मोबाइलवर त्या मोठ्या तक्त्यांमध्ये जाहिराती फार आडव्या येतात.