खिडक्या बदलताय? आधी पाऊस कुठून येतो ते बघा

गोव्यात खिडक्या बदलायच्या म्हटलं की जो तो लाकूड, अॅल्युमिनियम की यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिक) यावर वाद घालतो. माझ्या लेखी त्याआधीचा प्रश्न असा, की खिडकी सरकती हवी की बिजागरीची?

आमचं घर पेडण्याच्या किनारपट्टीत. नैऋत्येकडच्या खोलीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या. मे महिन्यापर्यंत कसली तक्रार नसायची. जूनमध्ये वारा सुटला की मात्र रात्री उठून ट्रॅकपाशी जुना टॉवेल कोंबायचा आणि सकाळी तो बादलीत पिळायचा. खालच्या ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून चौकटीला भोकं असतात, पण समोरून वारा दाबत असला की पाणी बाहेर पडत नाही. भोकापाशी नुसते बुडबुडे येतात, ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं. खिडकीवाल्याला बोलावलं तर त्याने सगळीकडे सिलिकॉन मारलं, त्यात एक भोकही बुजवून गेला! बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा या टॉवेलाने माझा निकाल लावला.

बिजागरीच्या खिडकीची झडप रबरावर दाबून बसते आणि हँडल फिरवलं की दोन-तीन ठिकाणी अडकते. त्याच खोलीत आता यूपीव्हीसीच्या तशा खिडक्या आहेत, आणि टॉवेल न्हाणीघरात आहे. अॅल्युमिनियममध्येही बिजागरीची खिडकी मिळते, चांगल्या सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या पट्ट्या चांगल्या असलेली, असली तर तीही वाईट नसावी. पण खाऱ्या हवेत हलक्या पावडर कोटिंगवर, म्हणजे अॅल्युमिनियमवरच्या रंगाच्या थरावर, पांढरे फोड येतात, ते आम्ही पाहिलेत. यूपीव्हीसीला गंज नाही, त्याच्या बिजागऱ्यांना आणि स्क्रूंना मात्र आहे. ते स्टेनलेसचे घ्या आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या.

आता पैशांचं. मला मिळालेल्या कोटेशनांत सरकतं अॅल्युमिनियम चौरस फुटाला ४५०च्या आसपास होतं आणि बिजागरीचं यूपीव्हीसी ९५०च्या. चार बाय चारच्या खिडकीला ७,२०० आणि १५,२००, वर १८ टक्के जीएसटी. दुप्पट वाटतं खरं. पण जुनी चौकट काढणं, चिऱ्याची भिंत फोडणं, गिलावा, रंग हा खर्च दोन्हीकडे सारखाच, आणि तो कोटेशनमध्ये सहसा नसतो. तो धरला की दोन्हींतलं अंतर तितकं भयंकर राहत नाही. फोडाफोड नको असेल तर जुन्या चौकटीच्या आत नवी बसवून देतात, पण चारही बाजूंनी उजेड थोडा कमी होतो.

लाकडाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. जुन्या घरातल्या सागवानी खिडक्या धड असतील तर सुताराकडून दुरुस्त करून घ्याव्यात, भंगारात देऊ नयेत. नवीन सागवान मात्र माझ्या खिशाबाहेरचं होतं. शिवाय लाकूड पावसात फुगतं. झडप लागत नाही म्हणून जुलैत रंधा मारला, तर जानेवारीत फटीतून बोट जातं. वाळवी आणि दर दोन-तीन वर्षांचं पॉलिश वेगळंच.

बिजागरीच्या खिडकीचाही जाच आहे, तो लपवत नाही. झडप बाहेर उघडते, म्हणून ग्रील आणि डासांची जाळी आतून. जाळी गुंडाळती घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. वरच्या मजल्यावर बाहेरून काच पुसणं म्हणजे कसरत. बाल्कनीवर उघडणारी खिडकी असेल तर झडप जाता-येता डोक्याला लागते, तिथे सरकतीच बरी. फोंड्याच्या आतल्या भागात माझ्या मेहुण्याकडे सगळ्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या आहेत. त्याच्या खिडक्यांवर रुंद पावळी आहे, समोर डोंगर आहे. तो मजेत आहे, आणि त्याला मी बदल म्हणून सांगणारही नाही.

बजेट ताणलेलं असेल तर पश्चिम आणि नैऋत्येच्या खिडक्या बिजागरीच्या करा, बाकीच्या सरकत्या राहू द्या. काम चतुर्थीनंतर सुरू करून मेपूर्वी संपवा. चतुर्थीच्या तोंडावर कारागीर मिळणं कठीण, आणि पावसात उघडं भोक ताडपत्रीने झाकून झोपावं लागतं. शेवटचा हप्ता देण्याआधी बागेचा पाइप लावून प्रत्येक खिडकीवर बाहेरून जोरात पाणी मारून बघा, खिडकीवाला आत उभा असताना.